खाडीवर बदकं उतरायच्या आधी

७ सप्टेंबर

बंदूक आज घरी आली. गेल्या निवडणुकीत पोलिसांनी सगळ्या लायसनवाल्यांची जमा करून घेतली, तशी आमचीही घेतली होती. निकाल लागला, सरकार बसलं, आमची बंदूक आपली चौकीतच. हरेश "आणतो ग, आणतो" करत होता आणि मी नवऱ्याच्या आळसाला मनोमन हात जोडत होते. शेवटी आज माझे सासरे, आबा, स्वतः गेले. रिक्षातून आणली, चादरीत गुंडाळून, मांडीवर आडवी. रिक्षावाल्याला वाटलं असेल म्हातारा नातवंड घेऊन चाललाय.

लायसन आबांच्या नावावर, भाताच्या राखणीसाठी. भात होता तिथे आता टॉवर आहेत. राखण कशाची करणार, लिफ्टची?

चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "सुरेखा, यंदा बदकांना जायाचा."

 मोतीबिंदू काढायला मीच मागे लागले होते, जिन्यावरून पडतील म्हणून. मे महिन्यात दोन्ही डोळे झाले. आता त्यांना जिना दिसतो, आणि गच्चीवरून खाडीही दिसते.

११ सप्टेंबर

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत गमबूट (एकाला उंदराने भोक पाडलंय), खाकी टोपी, तेलाची कुपी, नळी साफ करायचा गज आणि खोटी बदकं. पांगाऱ्याच्या लाकडाची, आबांनी तरुणपणी कोरलेली. पाण्यावर सोडून ठेवायची, म्हणजे वरून जाणारी खरी बदकं आपलीच मंडळी समजून उतरतात. रंग उडालेत. आबा ऑइलपेंट घेऊन बसलेत ओटीवर, वीस वर्षांनी लहान झाल्यासारखे. गुणगुणत होते. सासूबाई गेल्यापासून हा माणूस गुणगुणलेला मी ऐकला नव्हता.

बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून जास्तच भीती वाटली.

संध्याकाळी मोरीत एक बदक वाळत ठेवलेलं. केवढ्याने दचकले.

१६ सप्टेंबर

आज तर हद्द झाली. चांगलं ऊन पडलं म्हणून सादळलेला जवळा गच्चीवर टाकायला गेले, तर तिथे आधीच एक सूप. सुपात काडतुसं. ओळीने मांडलेली, ऊन खात.

ओरडलेच मी. आबा कठड्यापाशी स्टूल टाकून बसलेले, जणू कुरडया राखतायत.

"काय गो बाय, घाबरतंस कनाला? उन्हात नाय फुटत ती."

"मग कशात फुटतात?"

"बंदुकीत." आणि हसले. खिशातून रुमाल काढून एकेक पुसायला लागले.

मला धाकट्या सासऱ्यांचा, आबांच्या भावाचा, हात आठवला. लग्नात त्यांच्या पाया पडले तेव्हा डोक्यावर अंगठा आणि एक बोट टेकलं होतं. बाकीची बोटं अशाच सादळलेल्या काडतुसाने नेली. चाप दाबला तेव्हा उडालं नाही, नळी उघडून बघायला गेले तेव्हा उडालं. हे आबांनीच मला सांगितलेलं. तेव्हा स्वतः शेजारी होते ते. तरी ही अशी ऊन द्यायला ठेवलेली.

जवळा परत खाली आणला. त्या सुपाशेजारी ठेववेना.

२० सप्टेंबर

हरेशशी बोलले. म्हटलं, शिकारीला बंदी आहे, किती वर्षं झाली. वनखात्याने धरलं तर जामीनसुद्धा लवकर होत नाही म्हणतात. शहात्तर वर्षांचा माणूस कोठडीत बसणार का?

"अगं टेन्शन नको घेऊ. आबा काय खरंच जातायत? हौस आहे, पुसतील आणि ठेवतील."

"आणि बाळाराम? तो होडीला डांबर लावतोय, मी बघून आले." (बाळाराम म्हणजे आबांचा होडीवाला. दोघांचं मिळून वय दीडशेच्या घरात.)

ह.ने टीव्हीचा आवाज वाढवला. मग म्हणाला, "लावू दे ना. त्याची होडी आहे."

जेवण झाल्यावर बघते तर स्वारी ओटीवर. आबा गज धरून, हा चिंधीला तेल लावून देतोय.

माझी सगळी भिस्त आता महापालिकेच्या निवडणुकीवर. आचारसंहिता लागली की बंदूक परत चौकीत. अख्ख्या डोंबिवलीत निवडणुकीची इतकी वाट बघणारी मतदार मी एकटीच असेन.

२२ सप्टेंबर

घट बसले. शहाडहून वन्संचा फोन. ह.ची थोरली बहीण असल्याचा हक्क त्या पुरेपूर वापरतात.

"वैनी, आबा बोलले मना. यंदा बंदूक तू देणार ना?"

मी विसरले होते. खरंच विसरले होते. या घरात खंडेनवमीला बंदुकीची पूजा होते आणि मग घरातली सून ती उचलून पुरुषाच्या हातात देते. तिने दिल्याशिवाय या घरातलं कोणी बंदूक घेऊन पाण्यावर जात नाही. आजेसासूबाई द्यायच्या, मग सासूबाई. त्या गेल्या त्या वर्षीपासून मी हळदकुंकू लावते आणि बंदूक पाटावरच राहते. आबांनी कधी हात पुढे केला नाही. मला वाटायचं प्रथा संपली. ते फक्त डोळ्यांसाठी थांबले होते.

म्हणजे हे माझ्याच हातात आहे. आधी हायसं वाटलं. तासाभराने त्याहून वाईट वाटायला लागलं. दिली आणि काही झालं तर मी दिली. नाही दिली तर...

२५ सप्टेंबर

ऑफिसमधून अर्धा दिवस काढून कोपरीला, आईकडे. सगळं सांगितलं. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यात काय! सांग बाजूला बसलेय. पूजेला हातच लावायचा नाही."

"आई, माझं बंद होऊन वर्ष झालं."

"ते तुझ्या सासऱ्यांना कुठे माहितीये?"

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मग नुसतं पाणीच येत राहिलं. आईने भाजी बाजूला ठेवली. म्हणाली, "देऊ नको बाई. रुसतील चार दिवस. रुसलेलं माणूस घरात तरी असतं."

२८ सप्टेंबर

सकाळी आबा नि बाळाराम "जागा बघायला" गेले. उन्हं चढली तरी पत्ता नाही. मी बांधावर गेले तर बाळाराम आबांना घेऊन येताना दिसला. दोघंही कमरेपर्यंत गाळाने माखलेले. आबांचा पाय मांडीपर्यंत रुतला होता. बाळारामने होडीची फळी टाकून, त्यावर पालथं झोपवून ओढून काढलं. एक गमबूट खाडीला दिला.

"पूर्वी तिथं घट्ट होता," आबा म्हणाले. जणू चूक गाळाची.

अंगणात नळाखाली बसवून पाय धुतले. काठीसारखे पाय. मी बोटांमधला गाळ काढत होते, तेव्हा म्हणाले, "रागावलीस?"

"घाबरलेय."

"मी पन," म्हणाले. मग पाण्याकडे बघत, "पन एकदा जायाचा. घरात बसून मरायची जास्ती भीती वाटते गो."

नवमीला तोंडावर नाही म्हणायचं, ठरलं. पाळीबिळीचं खोटं सांगायचं नाही. या माणसाशी खोटं बोलवणार नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

 

पाटावर कोयता, विळी, ह.च्या गाडीची चावी, माझा लॅपटॉप आणि मधे बंदूक. झेंडूचा हार नळीवर. वन्सं आलेल्या. बाळाराम दारात. पूजा झाली, आरती झाली. मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं, "आबा, मी देणार नाही."

आबांनी दोन्ही हात पुढे केले. तळवे वर, प्रसाद घ्यायला करतात तसे.

दिली. का दिली ते मला विचारू नये कोणी. वाक्य तोंडात होतं आणि हात उचलून मोकळे झाले.

आबांनी बंदूक खांद्याला लावली, खिडकीकडे रोखली. नळीचं टोक थरथरत होतं. थोडंथोडकं नाही, चौकटीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मग आबांनीही पाहिलं. इतक्या वर्षांत बंदूक खांद्याला लावलीच नव्हती, हात एवढा कापतो हे त्यांना स्वतःला ठाऊकच नसणार. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

सुटले, असंही वाटलं. देवासमोर लिहितेय, वाटलं.

आबांनी बंदूक खाली घेतली. वळले आणि हरेशच्या हातात दिली. "घे. यंदा तू. मी दाखवीन."

ह. नको म्हणेल असं मला वाटलं. बावन्न वर्षांचा माणूस, बीपीची गोळी चालू, लवंगी फटाकासुद्धा जमिनीवर ठेवून लांबून लावतो. खाडीकाठी जन्मला आणि पोहता येत नाही. त्याने बंदूक घेतली आणि कपाळाला लावली.

३ ऑक्टोबर

काल सोनं वाटत फिरले, प्रत्येकाला हसून. आज भांडले. सगळं बोलले, गाळ, सादळलेली काडतुसं, नोकरी, कोठडी. ह.ने ऐकून घेतलं. मग हळूच, "सुरेखा, त्यांनी मला आजवर काही दिलंय का ग हातात? घराला रंग कुठला लावायचा तेसुद्धा तेच ठरवतात. पहिल्यांदा म्हणाले, घे."

 भांडण माझ्या बाजूने बरोबर होतं, आणि हरले.

१४ ऑक्टोबर

निवडणूक नाही. दिवाळीनंतर म्हणतायत. दिवाळीनंतर कधी ते कोणी सांगत नाही.

रोज संध्याकाळी गच्चीवर शाळा. आबा पतंग उडवल्यासारखा हात फिरवतात, ह. रिकामी बंदूक त्या हाताबरोबर फिरवतो. "पुढं धर, पुढं. बदक थांबत नाय तुझ्यासाठी." ह. पोट आत घेऊन उभा. समोरच्या टॉवरमध्ये चोवीस तास कोणी ना कोणी बाल्कनीत मोबाइल घेऊन असतं. कोणी व्हिडिओ काढला तर? मी वाळत घातलेल्या चादरी काढतच नाही आता. आडोसा म्हणून.

२८ ऑक्टोबर

मानपाड्याच्या ऑफिसात आज मृणाल मॅडम नाचतच आल्या. अकाउंट्सच्या हेड, पण शनिवार-रविवार गळ्यात दुर्बीण. "सुरेखा, तुमच्या खाडीवर आले गं पाहुणे! थापट्या आणि तलवार बदकं. बघ काय देखणा नर आहे!" मोबाइल नाकासमोर धरला. खरंच देखणा. लांब टोकदार शेपटी, मानेवर पांढरी रेघ. कुठून कुठून येतात म्हणे, हिमालय ओलांडून.

मी म्हटलं, छान आहे. 

"येत्या रविवारी आमचा ग्रुप बांधावर असणार, संध्याकाळी. तू पण ये ना, तुला तर दोन पावलांवर."

घरी हे सांगायचं की नाही? सांगितलं. वाटलं घाबरतील. आबा म्हणाले, "आली? बगितलीन तिनं? कुठल्या अंगाला?"

माझ्याच तोंडून बदकांचा पत्ता गेला.

१ नोव्हेंबर

उद्या जाणार. म्हटलं, उद्या ती कॅमेऱ्यावाली मंडळी येतील. आबांचं उत्तर तयार, ती बांधावर, आपण पलीकडच्या बेटाआड, तिवरांच्या झाडीत. उद्या तुळशीचं लग्न, सगळीकडे फटाके, एका आवाजाचं कोणाला काय.

इतका विचार केलाय यांनी. मला वाटत होतं हौस आहे.

ह.ला विचारलं, भीती नाही वाटत? "वाटते ना." मग आबांची टोपी डोक्यावर बसवत, "पण ती वाटली तरी छान वाटतंय."

२ नोव्हेंबर, तुळशीचं लग्न

दुपारी ओहोटीबरोबर गेले. आबा, ह., बाळाराम. भाकरी आणि सुकट दिली. ह.च्या शर्टाच्या खिशात बीपीची गोळी ठेवली, बटण लावलं. फोन घरीच ठेवून गेला. पाण्यावर वाजला की बदकं उठतात म्हणे.

तुळशीला ऊस बांधला, चिंचा-आवळे ठेवले. दर दहा मिनिटांनी गच्चीवर. खाडी पार रिकामी झालीय. नुसता गाळ, मधे पाण्याची एक रेघ. भरती लागून पाणी फिरल्याशिवाय होडी वर येणार नाही.

दिवेलागण. गावात मंगलाष्टकं सुरू झाली, टॉवरमध्येही. फटाके. प्रत्येक आवाजाला हातातलं गळतंय. वन्सं म्हणाल्या, "वैनी, अक्षता टाक ना," तेव्हा मूठभर माझ्याच पायावर पडल्या होत्या.

मग एक आवाज आला. खाडीकडून. फटाक्यासारखा तडतडला नाही, जाड होता, एकच. मी दुसऱ्याची वाट बघत राहिले. आमची बंदूक दुनळी, दोन बार असतात. दुसरा आला नाही. वन्संनी पण ऐकला, कारण त्या मंगलाष्टक म्हणायच्या थांबल्या. पक्षी उठलेले दिसले, काळे ठिपके, फिरून फिरून लांब गेले.

गच्चीवर बसून लिहितेय. कोणी उठून उभं राहिलं तर दिसावं म्हणून. तिवरांच्या बाजूला काही हलत नाही. बाळारामने हाक मारली तर ऐकू येईल इतकं जवळ नाही ते.

मृणाल मॅडमचा मेसेज: "सुरेखा, आत्ता खाडीत गोळीसारखा आवाज आला गं. सगळे पक्षी उडाले. वनखात्याला फोन लावू का? तुला ऐकू आलं का?"

"फटाका असेल" असं लिहिलं. पाठवायच्या आधीच हात थांबला. फोन लागला तर ते पकडले जातील. नाही लागला, आणि तिकडे कोणी गाळात, कोणाचा हात... तर वनखात्याच्याच माणसांकडे मोटरबोट आहे, टॉर्च आहेत.

मॅडम परत विचारतायत. अंधार होतोय. पाणी अजून फिरलेलं नाही. देवा, आधी ते तिघं दिसू देत, मग मी कोणाशीही, वाट्टेल तितकं खोटं बोलेन.