महिना आठ रुपयांत पुणे

ठाणे, ता. २० डिसेंबर १८८६

तीर्थरूप भाऊंचे सेवेशी, बालक मोरेश्वराचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पास झालो! काल हेडमास्तरांनी मुंबईहून आलेली मॅट्रिकची यादी वाचली. शाळेतून एकवीस बसलो होतो, सहा उतरलो, आणि त्या सहांत आपला बाळ आहे. आत्याने साखर वाटायला घेतली, पण तीन घरे झाल्यावर डबा झाकला, कारण चौथ्या घरचा मुलगा गडगडला आहे. पाच वर्षे तिच्या घरी राहून शिकलो, त्याचे चीज झाले म्हणून ती सकाळपासून रडते आहे आणि मधूनच मला रागावते आहे.

आता मुद्द्याचे. हेडमास्तर म्हणतात, कलेक्टर कचेरीत पंधरा रुपयांची कारकुनी माझ्यासाठी ठरल्यासारखीच आहे. मला ती नको. मला पुण्यास इंजिनिअरीच्या कॉलेजात जायचे आहे. तीन वर्षांचा अभ्यास. नाना वारल्यापासून वडिलांच्या जागी आपणच आहात, घर आपल्या तीस रुपयांवर चालते आणि त्यातून माझ्यासाठी आठांच्या वर एक पै निघणार नाही, हे मी जाणून आहे. म्हणून रडगाणे न गाता हिशेबच पाठवतो. एकटा राहिलो तर महिना बारा रुपये दोन आणे लागतील. जोडीदार घेतला तर खोलीचे बारा आणे, दिव्याच्या तेलाचे पाच, पुस्तके निम्मी निम्मी घेऊन बारा आणे, कॉलेजची फी तीन रुपये, हाताने रांधून खाल्ले तर दाणागोटा नि सरपण मिळून तीन रुपये, धोबी चार आणे, न्हावी दोन आणे, टपाल दोन आणे. एकूण आठ रुपये पाच आणे. वरचे पाच आणे कुठे छाटायचे ते आपणच सांगावे, माझी कात्री बोथट झाली.

आईस साष्टांग. होकार येईल या भरवशावर ट्रंक झाडून ठेवली आहे. हे विज्ञापना.

आपला बाळ

कल्याण, ता. २२ डिसेंबर १८८६

चिरंजीव बाळास अनेक आशीर्वाद. येथील सर्व खुशाल.

पत्र मालाच्या फलाटावरच फोडले आणि असा ओरडलो की गवताच्या गाठी मोजणारा काळुराम हमाल आकडा विसरला. पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागल्या, पण त्याने कुरकुर केली नाही. आपल्या घरात मॅट्रिक! नाना असते तर गल्लीत दवंडीच पिटली असती त्यांनी. शाबास रे पठ्ठ्या!

आता कात्री. धोबी कशाला? विहीर आहे, दगड आहे, तुला दोन हात आहेत. चार आणे गेले. दोन आण्यांत आठ कार्डे येतात, महिन्याला चार पुरेत, तेव्हा आणखी एक आणा गेला. झाले आठ. न्हाव्याला हात लावत नाही, नाही तर सुटीत येशील तेव्हा आई मला ओळखू येत नाही म्हणेल.

पण बाळ, मी अकरा वर्षे लोकांच्या मालाच्या पावत्या तपासतो आहे. कुठे काय दडवले ते मला वासाने कळते. बारा रुपयांच्या हिशेबात खोली अडीच रुपये होती असे मी धरतो. तिचे निम्मे सवा रुपया. तू लिहिलेस बारा आणे. पुण्यात ब्राह्मणाला इतकी स्वस्त खोली कोण देतो? आणि सगळ्या सदरांना नावे आहेत, त्या जोडीदारालाच तेवढे नाव नाही. उलट टपाली खरे लिही.

आईचा आशीर्वाद आहेच, माझाही आहे, पण माझा थोडा दमाने घे.

तुझा भाऊ

ठाणे, ता. २४ डिसेंबर १८८६

तीर्थरूप भाऊंस शि. सा. नमस्कार.

सापडलो. जोडीदार म्हणजे कॉस्मास परेरा, तळ्याकाठच्या ख्रिस्ती वाडीतला. बापाची भातशेती आहे. गणितात तो पहिला आला, मी दुसरा. खोली पुण्याच्या लष्कर भागात, त्याच्या जुलिया मावशीच्या आवारात, म्हणून स्वस्त. मी आधी लिहिले नाही ही चूक झाली. आकडे वाचून झाल्यावर नाव वाचाल तर राग कमी येईल असे वाटले होते.

भाऊ, आम्ही दोघांनी बसून पक्के ठरवले आहे. छप्पर एक, दिवा एक, पुस्तके एक, आणि नकाशे काढण्याची ती महागडी पेटीही एक. चूल माझी एकट्याची, कारण तो मावशीकडे जेवेल. पाण्याचे माठ दोन, खोलीच्या दोन टोकांना. माझे पाणी मी स्वतः भरीन. उजेडाला काही विटाळ नाही ना? लसाविलाही नाही.

आई म्हणेल, वार लावून जेव. सात वारी सात घरी जेवायचे म्हणजे सात घरचे निरोप पोचवायचे, सात घरची पोरे खेळवायची, आणि उरलेल्या वेळात इंजिनिअर व्हायचे. मला ते जमणार नाही. कॉस्मासच्या घरीही काही आनंदीआनंद नाही बरे! त्याची आई म्हणते, या भटाच्या पोराबरोबर राहून खोलीत साधा बोंबीलही भाजता यायचा नाही, माझा मुलगा वाळून जाईल. त्यांच्या पाद्रींनाही ही गोष्ट पसंत नाही. तेव्हा दोन्हीकडून सारखेच जोडे खातो आहोत.

माझ्यावर जितका लोभ आहे, त्यातला थोडा या पत्रापुरता उसना काढून ठेवावा.

बाळ

कल्याण, ता. २८ डिसेंबर १८८६

चिरंजीव बाळास आशीर्वाद.

दोन दिवस मी घर डोक्यावर घेतले होते. वेडा झालास का, गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार आहेस की नाही, असे पुष्कळ लिहून काढले आणि फाडले. आईने राग जात्यावर काढला, आणि मला धास्ती तिचीच जास्त वाटते.

मग काल मालधक्क्यावर बसलो होतो. अकरा वर्षे त्याच खुर्चीत बसतो आहे, बैठकीचा वेतही माझ्याच आकाराचा झाला आहे. साहेबाला इंग्रजीत जाब द्यायचा तर अजून घाम फुटतो. पंधरा रुपयांची कारकुनी म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको. तुला मी त्यात बसू देणार नाही. लोक काय म्हणतील ते मी ऐकून घेईन, मला सवय आहे.

पण फुकट नाही सोडत. रविवारी घरी ये. आईच्या पायांवर हात ठेवून शपथ घ्यायची, की त्याच्या हातचे पाणी थेंबभर पिणार नाही आणि अन्नाचे शीत खाणार नाही. घेतलीस तर महिन्याच्या पाच तारखेला आठ रुपयांची मनीऑर्डर निघेल, तीन वर्षे, न चुकता. हा दिनकर विनायक वझ्याचा शब्द आहे.

रागावलो तरी तुझाच,
भाऊ

पुणे, ता. ६ मार्च १८८७

तीर्थरूप भाऊंस कृतानेक नमस्कार.

मनीऑर्डर पोचली. गेल्या महिन्याचा खर्च सात रुपये चौदा आणे. दोन आणे वाचले, ऐकताय ना? पहिल्या आठवड्यात भात करपला, दुसऱ्यात वरण करपले, आता काहीही करपत नाही. धुणे स्वतः धुतो. सदरे पांढरे राहिले नाहीत, पण नकाशावर शाई सांडते त्यामुळे पांढऱ्याचा उपयोगही नव्हता.

कॉस्मास पहाटे उठून वाचतो, मी संध्याकाळी, त्यामुळे एकाच पुस्तकावरून भांडण होत नाही. भांडण होते ते पेटीतल्या कंपासावरून. जुलिया मावशी दारात उभ्या राहून, माझ्या अंगावर काही मांस चढले का, ते रोज बघतात आणि मान हलवतात. आपली शपथ मी अक्षरशः पाळतो आहे. आईला सांगावे, की बाळ स्वतःच्या पायांवर उभा आहे आणि ते पाय दुखतही नाहीत.

आपल्या मायेवर हक्क सांगणारा,
बाळ

पुणे लष्कर, ता. ९ सप्टेंबर १८८७

राजमान्य राजेश्री दिनकरराव वझे यांस, कॉस्मास परेरा याचा नमस्कार.

आपली माझी गाठ नाही, तरी लिहितो. मोरेश्वराला चार दिवस हिवताप आहे. आपल्याला कळवू नको म्हणाला होता, पहिले तीन दिवस मी त्याचे ऐकले. आता ऐकत नाही.

अंथरुणावरून त्याला उठवत नाही. लष्करच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, जीभ कोरडी पडली आहे, पाणी जाईल तितके पाजा, नाही तर जड जाईल. पण पाणी कोण पाजणार? आमच्या वर्गातला एक जोशी शहरातून दीड कोस चालत सकाळी येतो आणि तांब्या भरून उशाशी ठेवतो. तो तांब्या दुपारच्या आत संपतो, आणि आपल्या माठापर्यंत त्याला जाववत नाही. त्यानंतर मी भांडे भरून त्याच्यापाशी बसतो आणि तो मान फिरवतो. औषधाची बाटली पाण्यातली म्हणून तशीच आहे. तापावरची कोयनेलची पूड तेवढी कोरडी गिळतो. काल तापात बरळताना विहीर विहीर म्हणत होता, आणि विहीर दारातच आहे हो! मी भांडे भिंतीवर आपटले. मला राग आला, ते लपवत नाही.

मी जबरदस्ती करू शकतो, त्याच्या अंगात ताकद उरलेली नाही. पण शुद्धीवर आल्यावर तो मला तोंड दाखवणार नाही. त्याने शपथ आपल्याला दिली आहे, माझ्याने ती मोडवणार नाही. आम्ही खर्चाची सगळी सदरे धरली, आजारपणाचे धरलेच नाही. आपण यायला निघालात तरी पोचायला वेळ जाईल. म्हणून मला हुकूम पाठवावा. तारेने पाठवावा.

माझी आई म्हणते तसे, देव आपल्या घरावर नजर ठेवो.

कॉस्मास

कल्याण, ता. १० सप्टेंबर १८८७

चिरंजीव कॉस्मासास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र सकाळच्या डाकेने आले आणि मी सकाळीच तार केली. ती तुला पोचली असेल. तारेत चार शब्द मावतात, म्हणून बाकीचे या पत्रात लिहून दुपारच्या मेलच्या गार्डाजवळ देतो. चूक माझी. मी पावत्या तपासणारा माणूस, पण पोर परक्या गावी आजारी पडेल हे मला सुचले नाही, आणि शपथ घालताना मात्र जीभ मोठी झाली. तू भांडे आपटलेस ते बरे केलेस. मी असतो तर माझ्या डोक्यात आपटले असतेस तरी चालले असते.

तार करण्याआधी पत्र आईला वाचून दाखवले. मला भीती होती ती तिचीच. सोवळ्याच्या बाबतीत तिच्याइतकी कडक बाई आमच्या आळीत दुसरी नाही. दळण अर्धे टाकून ती उठली आणि पहिल्यांदा मलाच घेतले फैलावर, की अठरा वर्षांच्या मुलाला असली शपथ घालणारा तू कोण मोठा शंकराचार्य. मग म्हणाली, शपथ माझ्या पायांवर घेतली होती ना, मग ते पाय माझे आहेत, मी सोडवली. तिने तुला निरोप सांगितला आहे तो जसाच्या तसा लिहितो. त्याला विचारत बसू नकोस. डोके उचल आणि तोंडात ओत. तो कुरकुरला तर आईने सांगितले म्हण. यात पाप असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी वर गेल्यावर काय ते बोलून घेईन.

गावात कळेल. कळू दे. रजा संध्याकाळपासूनची मिळाली, म्हणून मी संध्याकाळच्या गाडीने निघतो आहे. तोवर तू तिथे आहेस एवढाच आम्हाला आधार.

तुझ्यावरचा लोभ आजपासून या घरात कायमचा धरावा.

दिनकर विनायक वझे

ता. क. पत्र बंद करतो आहे तोच काळुराम तारघरातून तुझी उलट तार घेऊन धावत आला. प्याला, आणखी मागतो. एवढेच शब्द. आईला दोनदा वाचून दाखवले. डोळे पुसत म्हणते, एकदम फार देऊ नको म्हणावे, उपाशी पोटाला बाधते.