खालचा खांब

बाबा, गेल्या आठवड्यात आपल्या दारातला लाकडी ओटा आणि त्याच्याभोवतीचं कुंपण पाडलं. घरं पाडायच्या तुमच्या कामावरून जुन्या सागवानी फळ्या आपल्या गावी, राहनाळला आणून तुम्ही स्वतःच्या हातांनी ठोकलेला ओटा, पण वाळवीने पार पोखरला होता. एका सकाळी आईचा पाय फळी मोडून गुडघ्यापर्यंत आत गेला, तेव्हा मी माहेरी येऊन ठेकेदार शोधायला लागले. एकजण न बघताच फोनवर म्हणाला, जेसीबी लावतो, तासाभरात मोकळं करतो. दुसरा येऊन गेला, पण स्वयंपाकघराची भिंत ओट्याला लागून आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. तिसरे आले ते सत्तरीचे एक काका. त्यांनी एकेक खांब बोटांनी वाजवून पाहिला, वाकून सांधे पाहिले आणि विचारलं, हे कोणी बांधलं. मी तुमचं नाव सांगितलं. ते तिथेच पायरीवर बसले. मी पाणी दिलं, तर तांब्या नुसता हातात धरून राहिले.

लहानपणची गोष्ट, मी नऊ-दहा वर्षांची असेन. तुम्ही चुलीसाठी लाकडं आणायला सांगितलंत आणि मी ढिगातलं खालचंच ओढलं. सगळा ढीग माझ्या पायावर आला. तुम्ही आधी माझा पाय चोळलात, मग ओरडलात, "रचलेलं उतरवायचं ते वरून. खालच्याला आधी हात लावायचा न्हाय." असं सांगणारा माणूस भिवंडीतल्या एका घराचा सज्जा पाडताना त्या सज्ज्यासकट खाली येऊन गेला कसा, हे पुढे कोणी विचारलं नाही. पिऊन चढले होते, असं घरमालक म्हणाला, मग सगळा गाव म्हणाला. मी तेव्हा चौदा वर्षांची होते.

पायरीवर बसलेले काका माझ्याकडे न बघता बोलू लागले. "तुझ्या बापाच्या हाताखाली व्हतो मी. जेवायच्या आधी उरकावं म्हणून सज्ज्याचा खालचा खांब मीच सोडवला. ते वर हायेत, ध्यानातच न्हाय राहिलं. आनि ते पिऊन व्हते, असं पोलिसांना मीच सांगितलं."

राग यायला हवा होता, तो आलाच नाही. मी वेड्यासारखं विचारलं, कुठला खांब? ते म्हणाले, डावीकडचा. मग उठले, दुसरा माणूस बघ म्हणाले आणि निघाले. मी त्यांना अडवलं. म्हटलं, हे आईला तुम्हीच सांगा.

आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. ते दाराच्या चौकटीत उभे राहून सगळं बोलले. तिचा हात थांबला नाही. थापलेली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि मग म्हणाली, "ते प्यायले नव्हते, ह्ये मना तवाच म्हाईत व्हता. माझ्या हातची न्याहारी करून गेलते. खांबाचं मातर आज कळलं." तव्यावरची भाकरी करपली, तरी ती उलटायचं तिला सुचलं नाही. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "वट्याचं काम ह्यांनाच दे. आता ते खालच्याला आधी हात लावायचे न्हाईत."

काम दोन दिवस चाललं. आधी कुंपण, मग कठडा, मग फळ्या, सगळ्यात शेवटी खांब. भिंतीला तडासुद्धा गेला नाही. आई त्यांना जेवायला बसा म्हणाली नाही; पाणी मात्र माझ्या हातून पाठवत राहिली.

ते गेल्यावर मी तिला विचारलं, तुला माहीत होतं तर इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तू इचारलंस कवा?"

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहायला जमतंय. मी विचारलं नाही, कारण गाव म्हणाला ते मी खरं मानलं होतं. सासरी कोणी विचारलं तर आजपर्यंत मी सांगत आले, बाबा आजारी पडून गेले.