दलदलीतून वर आलेल्या बाई

ताम्पेरे, मंगळवार

तीर्थस्वरूप केर्तूआत्या यांस, याल्मारीचा आदरपूर्वक नमस्कार.

तुमचा गुडघा थंडीत फार त्रास देत नसेल आणि सौना-न्हाणीघराच्या पायऱ्या तुम्ही कठडा धरूनच उतरत असाल, अशी आशा आहे. मी बरा आहे. (वजन दीड किलोने उतरले आहे, काटा जुना असल्याने खात्री देत नाही.) गेम कंपनीतली माझी उमेदवारी या शुक्रवारी संपते. मला पुढे ठेवायचे की घरी पाठवायचे, हे आमच्या प्रमुख रित्वाबाई त्या दिवशी सांगतील. म्हणून घडले ते क्रमाने लिहितो.

आमच्या गेममध्ये दलदलीतून एक चेटकीण वर येते. दर वेळी तिचे चित्र फाइलमधून नव्याने उचलले जाई आणि तेवढ्यात टॅबलेट अडखळे. एकदा उचललेले चित्र नावानिशी साठ्यात ठेवायचे (याला आमच्याकडे कॅशे म्हणतात) आणि पुन्हा मागितले की तिथूनच द्यायचे, हे काम माझ्याकडे आले. मी ते तीन आठवड्यांत केले. दोनदा तपासले. खरे चित्र तेव्हा तयार नव्हते, म्हणून चाचणीपुरता 'चेटकीण' या नावाने एका वयस्कर बाईंचा फोटो ठेवला. (बाई सभ्य होत्या. हातात कॉफीची किटली होती.) पुढे खरे चित्र आले, ते मी त्याच नावाने त्याच जागी ठेवले आणि फोटो पुसून टाकला. मला पसारा आवडत नाही. पण साठ्याला फक्त नाव कळते. त्या नावाचे चित्र आपल्यापाशी आहे म्हटल्यावर तो फाइलकडे कशाला बघेल? इतरांच्या टॅबलेटवर हा साठा नंतर बसला, त्यामुळे कोणाला काही दिसले नाही. माझ्या टॅबलेटवर तो जुनाच होता, आणि काल हेलसिंकीहून प्रकाशक आले तेव्हा त्यांच्या हाती नेमका माझा टॅबलेट दिला गेला.

ढग गडगडले, चिखल फुगला, आणि बाई किटली घेऊन वर आल्या.

प्रकाशकांनी टॅबलेट डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. (मी घड्याळ बघितले. चाळीस सेकंद.) मग रित्वाबाई म्हणाल्या, "याल्मारी, ही बाई कॉफी घेऊन कुणाकडे निघालीय?" प्रकाशकांपैकी तेरहो नावाच्या गृहस्थांनी तलवारीच्या बटणावरचे बोट काढले. "हिला मारायचं कसं हो? हिच्यापुढे तर नको म्हणायचीसुद्धा सोय नाही."

मी त्याच दुपारी चूक सुधारली. आता फाइल बदलली की साठ्यातले जुने चित्र आपोआप जाते. काम निर्दोष झाले आहे. सगळीकडे खरी चेटकीण दिसते.

आपला आज्ञाधारक भाचा,
याल्मारी

ता. क. : फोटोतल्या बाई तुम्ही होता. सत्तरीच्या समारंभातल्या.

ता. क. २ : आज सकाळी तेरहोंचा निरोप आला, की गेम घेऊ तर किटलीवाल्या बाईंसह. रित्वाबाईंनी माझ्याकडे फोटो मागितला. तो त्या साठ्याखेरीज कुठेच उरला नव्हता, आणि साठा मी सुधारला आहे. तुमच्या बैठकीतली फ्रेम उघडून मूळ फोटो आणि या पत्रासोबतचे संमतिपत्र सही करून गुरुवारच्या बसने पाठवाल का?

ता. क. ३ : संमतिपत्रात 'चेटकीण' हा शब्द छापील आहे, खोडता येत नाही. मात्र खेळणाऱ्याने कॉफी नाकारली तरच तुम्ही त्याला चिखलात ओढाल, एवढे मी तुमच्या वतीने मान्य करून घेतले आहे.