पप्पांनी केलेलं 'माझं घर'

५ ऑगस्ट २०२०, बुधवार
पायलच्या सातवीच्या ऑनलाइन वर्गात प्रोजेक्ट आलंय. 'माझं घर', टाकाऊ वस्तूंचं मॉडेल. पालकांच्या ग्रुपवर देवयानी मॅडमचा मेसेज वाचला आणि ठरवलं, हे मीच करणार. पायलला फोन केला. म्हणाली, पप्पा, मला स्वतःला करायचंय. लाजते. माझ्यावर गेलीय.

ती आणि माया दिवाळीपासून ठाण्यात कोपरीला, मायाच्या माहेरी. चार दिवस म्हणून गेलेल्या, मग मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. नाहीतर कधीच परत आल्या असत्या.

८ ऑगस्ट
प्लॅन पक्का. आपलं डोंबिवलीचं घर हुबेहूब करायचं. माया बघेल, तिला करमणार नाही, गणपतीच्या आत दोघी घरी. संकल्प: रोज रात्री काम. चिडचिड पूर्ण बंद.

९ ऑगस्ट
शेजारच्या जगनदादांनी टीव्हीचं खोकं दिलं. मॉडेलची बाल्कनी वाकडी झालीय म्हणाले. मी त्यांना थोडं समजावलं. ते उठून गेले आणि दार आपटलं. ही चिडचिड नव्हे, चर्चा. संकल्प शाबूत.

१३ ऑगस्ट, रात्री
सासऱ्यांना फोन केला. 'जय भीम' म्हणाले आणि ठेवून दिला. मागच्या वेळी उचललाच नव्हता. प्रगती आहे.

मग पायल. पुन्हा तेच, पप्पा, नका ना करू. तिला सांगितलं, तू फक्त अभ्यासाकडे लक्ष दे. मागून माया म्हणाली, त्यांनी कधी कोणाचं ऐकलंय? म्हणजे तिलाही मॉडेलमध्ये इंटरेस्ट आहे.

१६ ऑगस्ट
रंगकाम. खिडकीसमोरचं कपाट हलवा, किचनमध्ये उजेड येत नाही, असं माया लग्नापासून सांगायची. मॉडेलमध्ये हलवून टाकलं. उजेड मस्त येतो. मग खरं कपाट हलवायला गेलो. एकट्याने हलत नाही.

१९ ऑगस्ट
मॉडेल स्कूटरवर बांधून शिळफाट्यावरून कोपरीला गेलो. छप्पर मुंब्र्यात उडालं, पण छप्पर नसलं की आतलं जास्त चांगलं दिसतं.

माया मास्क लावून खाली आली. आधी मॉडेलवर सॅनिटायझर मारला, भिंतींचा रंग ओघळला. वर येऊ का विचारलं. म्हणाली, नको, बाबांना शुगर आहे. सगळ्यांची काळजी घेते. पायल वर खिडकीत होती. तिने हात हलवला की पडदा ओढला, नीट दिसलं नाही. हात हलवला असावा.

२१ ऑगस्ट, सकाळी
आज प्रेझेंटेशन. पायल लिंक पाठवायला विसरली, ग्रुपवर मिळाली. इस्त्रीचा शर्ट घातलाय. मॅडमनी विचारलंच तर चार शब्द बोलायची तयारी आहे.

२१ ऑगस्ट, दुपारी
पायलने बुटांचं खोकं पुढे धरलं. आत कोपरीची खोली. बाटलीच्या झाकणांची आजोबांची खुर्ची, मायाच्या जुन्या साडीचा पडदा, खिडकीखाली स्वतःचं टेबल. सगळं तिनेच केलेलं. मला नसतं जमलं.

घरात कोण कोण असतं, मॅडमनी विचारलं. आई, आजी, आजोबा आणि मी. अडखळली नाही.

तिच्या मागे कपाटावर माझं मॉडेल दिसत होतं. मॅडमनी विचारलं, ते मोठं कुठलं?

"ते पप्पांचं घर आहे."

तिथे कोण राहतं?

"पप्पाच."

रागाने नाही म्हणाली. पत्ता सांगावा तसं सांगितलं. मी खूप रडलो. कॅमेरा बंद होता.

मुलांनी टाळ्या वाजवल्या, मग एकेक करून सगळी गेली. पायलही गेली. स्क्रीनवर मॅडम आणि मी, दोघेच उरलो. माझ्या नावाच्या जागी नुसतं पहिलं अक्षर, इंग्रजी आर दिसत होता. मॅडमनी विचारलं, आपण कोणाचे पालक?

माइक सुरू केला. परत म्यूट केला. थोडं थांबून त्यांनी मीटिंग बंद केली.