इंजिनावरचा लाल रंग

ता. ६

चि. भाऊजींस वहिनीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पार्सल काल पोचलं. दोन बंड्या, लोकरीचे मोजे, सफरचंदं नऊ, पैकी एक डागाळलेलं. टपालखर्च तुम्ही भरलाच होता, हमालाला मी दोन दिले. तुमच्या दादांच्या पायांत मोजे घातले, पण ते माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. कारण मीच आहे.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा यांच्या हातातलं खेळण्यातल्या आगगाडीचं प्लॅस्टिकचं इंजिन पडून रंगाचे टवके उडाले होते. तेच, लहानपणी तुम्ही दोघांनी रंगवलेलं हिरवं. यांची वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, आवडती वस्तू दवाखान्यात आणून दाखवा. टवके उडालेलं कसं न्यायचं? फाटकाला आणलेला लाल ऑइलपेंट पाव डबा उरला होता. वाया कशाला घालवा म्हणून दोन हात मारले. चाळीस वर्षं पाट्या रंगवणाऱ्या माणसाच्या इंजिनाला! यांनी एकदा पाहिलं, डाव्या हाताने ढकललं आणि भिंतीकडे तोंड केलं. तीन दिवस माझ्या हातचं पाणीही घेत नाहीत.

काल शेजारणीकडून नेलपॉलिश काढायचं औषध मागून त्याच गाडीच्या एका डब्यावर लावून पाहिलं. रंगासकट छत विरघळलं, त्यावर माझा अंगठा उमटला. वीस तारखेला यांना घरी सोडणार. देवापुढे रोज बसते, पण रंगातलं तुम्हालाच विचारायला हवं. काहीतरी करा हो. या अडाणी वहिनीवर रुसू नका.

वहिनी

ता. ११

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली. फाटक आणि इंजिन एका डब्यातून! दादा बोलता असता तर तुमची धडगत नव्हती.

नेलपॉलिशचं औषध, थिनर, पेट्रोल, काही लावू नका. ती प्लॅस्टिक खातात. जखमा धुवायचं जंतुनाशक आणा, पाण्यात टाकलं की दुधाळ होतं ते. तळाचे स्क्रू काढून मोटर आणि चाकं वेगळी ठेवा. कवचाच्या आतल्या बाजूला थेंब लावून तासभर बघा, मगच बरणीत बुडवा. दिवसभर भिजलं की दातांच्या जुन्या ब्रशने हळू घासा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. सुटलेला रंगही त्याच औषधात खळबळून काढा, साबण आणि पाणी सगळ्यात शेवटी. तुमचा काटकसरी हात ओळखून पुन्हा लिहितो, औषधात पाणी घालू नका.

एक लपवत नाही. लालबरोबर खालचा हिरवाही जाईल, काळं प्लॅस्टिक तेवढं उरेल. मन घट्ट करा. मला रजा मिळत नाही, पण म्हणून मला परका करू नका.

आपला धाकटा

ता. २२

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

बाटली लहान, इंजिन बुडेना. मी पाणी घातलंच. दुसऱ्या दिवशी सगळ्याचा डांबरासारखा चिकटा झाला, ब्रश रुतून बसला. मोरीत बसून मी ढसाढसा रडले. मग दुसरी बाटली आणली, एक थेंब पाणी न घालता दोन दिवस भिजवलं, घासलं. तुम्ही म्हणालात तसंच झालं, हिरव्याचा मागमूस उरला नाही.

परवा हे घरी आले. इंजिन टॉवेलखाली लपवलं होतं, पण यांनी खोलीभर नजर फिरवत ते हुडकलंच. मांडीवर घेतलं, त्याच्या खिडकीच्या खाचेत राहिलेला लाल कण नखाने खरवडला आणि माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने हवेत ब्रश फिरवल्यासारखं केलं.

रंगांची पेटी पुढे ठेवली. हिरव्या बाटल्या तीन. एकेक दाखवली, तिन्हींना नाही म्हणून मान हलवली. स्वतः कालवायला गेले तर डाव्या हाताने बाटली लवंडली, आणि हा एवढा माणूस हुंदके देऊन रडला. घास आता माझ्या हातून घेतात, पण लगेच पेटीकडे बोट दाखवतात. मी काय देऊ, भाऊजी? यांना सांगता येत नाही आणि मला ठाऊक नाही.

तुम्ही दोघांनी तो हिरवा कशात काय मिसळून केला होता? किती थेंब, आधी कोणता, मग कोणता, सगळं लिहा. पेटी उघडीच ठेवली आहे. अंदाजाने मी आता एक थेंब टाकणार नाही. उलट टपाली कळवा.

वहिनी