धाकूचा हात आणि कॉलेजचा कॉम्प्युटर

रत्नागिरी,
एप्रिल १९८७

तीर्थस्वरूप महिपतमामांच्या चरणी भाचा धाकू याचा दंडवत. मामींचा खोकला एव्हाना बसला असेल आणि तुमचा गुडघा चाळीचा जिना चढताना कुरकुरत नसेल, असं धरून चालतो. इकडे सर्व खुशाल, माझा उजवा हात सोडून.

मामा, तुम्ही मागे विचारलं होतंत, की कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस डॉक्टरकीत कसा घुसला. तर आपल्या हातात मज्जातंतूंची एक जुडी असते (नावात मज्जा असली तरी प्रकार गंभीर आहे). कोपरापाशी विजेचा बारीकसा झटका दिला की त्या हजारो तंतूंतून संदेश बोटांकडे धावतात. जाड तंतूंतले पुढे, बारीक तंतूंतले मागे, शिमग्याच्या पालखीबरोबर तरणे पुढे पळतात आणि म्हातारे रेंगाळतात तसे. सगळ्यांची मिळून जी लाट यंत्रावर उमटते, तीच कॉम्प्युटरवर गणिताने काढून दाखवायची, हा माझा प्रबंध. (कॉलेजात कॉम्प्युटर एकच. त्याच्या खोलीत एसी असल्यामुळे उन्हाळ्यात प्राचार्यही तिथेच पेंगतात. घोरण्याला मी सरावलोय.)

आता गणित ताडून पाहायला निरोगी माणसाचा हात हवा. शॉक म्हटल्यावर सगळा स्टाफ पसार! शेवटी मी स्वतःचाच पुढे केला. नसांचे डॉक्टर शिर्सेकर कोल्हापूरहून एस.टी.ने येतात, यंत्र मांडीवर घेऊन (कंडक्टरने त्याचंही तिकीट मागितलं होतं). त्यांनी झटके दिले, कागदावर लाट उमटली, ती पट्टीने मोजून मी कॉम्प्युटरात भरली. जुळेना! कॉम्प्युटरची लाट उंच आणि वक्तशीर. माझी बुटकी, पसरट आणि उशिरा येणारी. मी प्रोग्राममधले तंतू जाड केले, बारीक केले, निम्मे काढून टाकले. गणपती गेले, दिवाळी गेली. वर्गात हातातून खडू गळायचा, घरी कप फुटायचे, बोटांना मुंग्या यायच्या. ते सगळं मी काळजीवर ढकललं. अखेर प्रबंध सोडतो म्हणून मार्गदर्शकांना कळवायचं ठरवलं, तेवढ्यात शिर्सेकर आले. दोन्ही लाटा शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "प्रोग्राम बिनचूक आहे हो. हात बिघडलाय."

मनगटात नस दाबली गेली होती! मामा, मी आनंदाने असा ओरडलो की प्राचार्य जागे झाले. मग डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर केलात तर अंगठ्यातली ताकद कायमची जाईल," तेव्हा मात्र ओरडणं थांबवून शस्त्रक्रियेची तारीख विचारली. आता शस्त्रक्रिया झाली आहे, मुंग्या थांबल्या आहेत आणि प्रबंधही वाचला. मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला भाचा
धाकू
(सही डाव्या हाताची आहे, हसू नये.)

ता. क. निरोगी हात अजून हवाच आहे. आंबे खायला या ना! आलात की जाता जाता तुमचाही हात बघू. दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं होतं.

ता. क. मुंगी जरा मोठी.

ता. क. मामा, मी सगुणा. यांचा हात बँडेजात, म्हणून पत्र मीच लिहितेय. निरोगी हात यांना मिळालाय, माझा! लाट पहिल्या फटक्यात जुळली. पण प्रबंधात बायकोचा हात दाखवला तर परीक्षक हसतील म्हणतात. मी किंचाळले तेव्हा शेजारच्या तुळसावहिनी लाटणं घेऊन धावत आल्या होत्या. तुम्ही आंब्यांना जरूर या. हात तेवढे खिशात ठेवा.