ह्यांनी हाय खाल्ली?

३ मार्च १९८६
शेषरावभाऊजी भुसावळला परत गेले. हे गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन परवा झालं, मंडळी पांगली. गाडी हलताना खिडकीतून म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. पण दादाला सांगायला नको होतं तुम्ही. त्याने हाय खाल्ली. अंगाने झुंजणंच सोडलं."
येताना रिक्षावाल्याला रेल्वे क्वार्टरचा नंबरच चुकीचा सांगितला.

४ मार्च
स्वस्थ बसवत नाही. धुतलेली भांडी परत धुतली.
घरात सगळ्यांनी ठरवलं होतं — ह्यांच्यासमोर कॅन्सर म्हणायचं नाही, मानेत टी.बी.ची गाठ आहे म्हणायचं. मीही तसंच म्हणत राहिले. दिवाळीनंतर एका दुपारी सांगून टाकलं. हे नुसतं "बरं" म्हणाले, आणि चहा मागितला. हाय खाल्लेला माणूस चहा मागतो का? — मागतही असेल!

६ मार्च
सांगितलं नसतं तर?

८ मार्च
भाची निशिगंधा इथल्याच मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकते. तिला विचारलंच — अंग असं झुंजणं सोडतं का? तिने मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. ह्यांच्या गाठीचा सप्टेंबरात काढलेला तुकडा. जांभळ्या ठिपक्यांची गर्दी नुसती.
"आत्या, हे बारीक गोल ठिपके शरीराचे शिपाई. बघ, गाठीत शिरलेत."
"मग मारलं का नाही तिला?"
"गाठीत आपल्याच काही पेशी असतात, त्या शिपायांना थोपवतात. फूफाजी गार्ड होते, झेंडा दाखवून गाडी थांबवायचे ना, तसं. नेमक्या कोणत्या, कशा — यावर अजून वाद आहेत. या काचेवरही ते दिसत नाही."
"आपल्याच?"
"आपल्याच. पण शिपाई तेव्हाही आत होते, आणि गाठ तेव्हाही वाढतच होती. मतलब, तू सांगायच्या आधीपासून."
बसमध्ये बरं वाटलं. घराचं कुलूप उघडेपर्यंत पुन्हा तेच — आणि सांगितल्यानंतर? नंतरचं कुणी बघितलं?

९ मार्च
भाऊजींना पत्र लिहायला बसले. फाडलं.

१२ मार्च
ह्यांच्याबरोबरचे गार्ड नंदकिशोरजी आले, ह्यांची पेटी आणि झेंडे ऑफिसात जमा करायला न्यायला. दारात थांबून म्हणाले, "भाभीजी, उत्तमजी को तो रिपोर्ट आते ही पता था. डॉक्टर साहब से खुद पूछ आए थे. घर में सब छिपा रहे थे, सो चुप रहे. जिस दिन आपने बताया, अगली सुबह स्टेशन आए. बोले — अब घर में कोई है बात करने को."